माईक फिरवणारे चाचा

कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजच्या सभांना माईक फिरवायला एक वयस्कर चाचा यायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. कुणी बोलायला उठलं की माईक आधी बाहीला पुसून मग ते हातात द्यायचे.

एकदा सभेत नवा नियम आला: प्राध्यापकांनी परवानगीशिवाय वर्तमानपत्रात लिहायचं नाही. मला विरोध करायचा होता. मी अर्धवट हात वर केला. चाचा लगबगीनं आले.

"बोला की सर, चालू हाय."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

सभा संपल्यावर वायर गुंडाळताना चाचा हळूच म्हणाले, "आमाला तितं बोलायचा हक्क न्हाय, सर. तुमाला हाय, म्हणून पळत आलतो."

इतिवृत्तात तो नियम 'एकमताने मंजूर' झाला. त्याखाली माझीही सही आहे.