जास्त घोड्यांची जीप

जवळच्याच मालेगावचे व्याही त्या दिवशी आमच्याकडे जेवायला आले ते जीप घेऊन. व्याही म्हणजे माझ्या थोरल्या जावेचे वडील. त्याआधी ते एस.टी.नं यायचे, स्टँडवरून पायी यायचे आणि ओसरीवर पाय धुऊन गुपचूप पाटावर बसायचे. या वेळी मात्र गल्लीच्या तोंडापासून हॉर्न वाजवत आले. रिसोडातली आमची गल्ली ती केवढी! शेजारच्यांना दारातली बाज उचलून आत न्यावी लागली, तेव्हा कुठे जीप आमच्या दारापर्यंत पोचली. जाऊ स्वयंपाकघरातून सारखी बाहेर डोकावत होती, आणि तिच्या पोळ्या करपत होत्या.

आमच्याकडे ताटात अन्न टाकायची पद्धत नव्हती. पण त्या दिवशी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अर्धी पोळी टाकली. कारण व्याही हात धुता धुता म्हणाले होते, "चाळीस घोड्यायची ताकद हाय इंजनात. आता पोरीले माह्यारी न्याले कोनाच्या तोंडाकडे पाहाचं काम नाई."

संध्याकाळी मामंजी दुकानातून आले ते ठरवूनच. "आपल्या घरी बी जीप पाह्यजे," त्यांनी जाहीर केलं. "बायकायची लय आबाळ होऊन राह्यली."

आम्ही बायका एकमेकींकडे बघत राहिलो. आपली आबाळ होते आहे हे आम्हाला तेव्हाच कळलं. माझ्या लग्नाला वर्षच होत होतं. त्या वर्षात सासूबाई तीन ठिकाणी गेल्या होत्या: मंदिरात, शेजारी आणि एका मयतीला. यातल्या कुठल्याच जागी जायला जीप लागत नव्हती.

जीप घ्यायची हे एका संध्याकाळी ठरलं. कोणती घ्यायची यात अख्खा हिवाळा गेला. तेव्हा जीप दोन प्रकारची मिळायची. पेट्रोलच्या इंजिनात घोडे जास्त, पण ते खायचेही जास्त. डिझेलच्या इंजिनात घोडे कमी, आवाज मोठा, पण खर्च थोडा. मामंजी पेट्रोलच्या बाजूचे. भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, डिझेलचे.

"ताकद पाह्यजे गाडीत," मामंजी म्हणायचे. "चढावर रडली तं लोक हासतीन."

"डिझलची वढते चांगली, बाबा. घोडे कमी असले तरी वढते."

"तुह्या सासऱ्यानं सांगतलं काय?"

इथे भासरे पाणी प्यायला उठून आत जायचे. व्याह्यांची जीप डिझेलची होती, हे तोवर सगळ्या रिसोडाला माहीत झालं होतं. त्यामुळे डिझेलचं नाव घेणं म्हणजे बापाला सोडून सासऱ्याच्या पंगतीत जाऊन बसणं. जावेनं तर इंधन या विषयावर मौनव्रतच धरलं. चुलीत गोवरी घालतानासुद्धा ती जपून घालायची.

आम्ही जैन, त्यामुळे आमची जेवणं दिवस मावळायच्या आत व्हायची, म्हणून वादाला पुढे मोकळी संध्याकाळ मिळायची. गावातले जाणकार ओसरीवर येऊन बसायचे. होमिओपॅथीचे एक डॉक्टर पेट्रोल प्रकृतीला थंड असतं असं सांगायचे. शाळेचे निवृत्त हेडमास्तर घोडे या शब्दावरच अडून होते. त्यांच्या मते इंग्रजी घोडा आपल्या घोड्याहून उंच, तेव्हा विलायती मापात काही घोडे वजा करावे लागतील. कापसाचे एक दलाल कुठल्याही इंजिनाची बाजू घ्यायचे, चहा कुणाच्या सांगण्यावरून येतो ते बघून. यांच्यातल्या एकाकडेही स्वतःची गाडी नव्हती. हेडमास्तरांकडे सायकल होती, तीही ते हातात धरून चालवायचे.

मी अमरावतीला एक वर्ष सायन्सला होते. लग्न झाल्यावर त्या सायन्सची आठवण कुणी काढली नव्हती. ती एका संध्याकाळी मामंजींनी काढली. भासऱ्यांपुढे मी बोलत नसे, म्हणून प्रश्न सासूबाईंमार्फत आत आला.

"इचारा सूनबाईले, घोड्याची ताकद म्हंजे नेमकं काय ते."

मला फार बरं वाटलं. पदर सावरून, दाराच्या आडून, मी वजन, उंची आणि वेळ यांचा संबंध सांगितला. मध्येच विसरले, मग जे आठवलं ते जास्त ठामपणे सांगितलं.

"काय म्हनते ते?" मामंजींनी विचारलं.

सासूबाई म्हणाल्या, "जास्त घोडे चांगले म्हनते."

मी असं काहीच म्हटलं नव्हतं. पण मामंजींनी मांडीवर थाप मारली, आणि घरातल्या सायन्सचं काम संपलं.

संक्रांत झाल्यावर अकोल्याला जाऊन दोन्ही गाड्या चालवून पाहायचं ठरलं. निघायच्या दिवशी सासूबाई नवी नऊवारी नेसून, चपला घालून दारात उभ्या.

"तू कायले?" मामंजी म्हणाले.

"बायकायसाठी घेऊन राह्यले ना गाडी? मंग बाईनं पाहू नाई का?"

मामंजी दारातून बाजूला झाले आणि त्या निघाल्या. सोबतीला मला घेतलं.

अकोल्याचा विक्रेता गळ्यात टाय बांधलेला तरणा माणूस होता. त्यानं आधी पेट्रोलची जीप काढली. मामंजी पुढे बसले, आम्ही मागे. मोकळा रस्ता लागल्यावर त्यानं गाडी अशी सोडली की मामंजींची टोपी उडून थेट माझ्या मांडीवर आली. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण मान ताठ होती. "याले म्हनते इंजन," असं ते दोन-तीनदा म्हणाले, बहुतेक स्वतःला धीर द्यायला.

मग डिझेलची. ती सुरू झाली आणि आमचे गाल हलायला लागले. भासरे पुढे बसून तिचे गुण सांगत होते, पण आवाजात एक अक्षर ऐकू येत नव्हतं. त्यांचा जबडा तेवढा दिसत होता.

उतरल्यावर विक्रेत्यानं सासूबाईंना हात जोडले. "माताजी, तुम्हाला काही विचारायचं आहे?"

"हो. दोन्हीतली हळू कोनती चालते?"

विक्रेत्यानं टाय सैल केला. असा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलेला नसावा. "माताजी, हळू तर दोन्ही चालवता येतील."

"मंग एवढ्या घोड्यायचं काय करता?"

मामंजी त्यांना घाईघाईनं बाजूला घेऊन गेले. आम्ही पेट्रोलची जीप घेतली. ती चांगली होती म्हणून नाही, व्याह्यांची डिझेलची होती म्हणून. रंगसुद्धा त्यांच्यापेक्षा वेगळा घेतला.

आता प्रश्न आला चालवण्याचा. हिवाळाभर इंजिनावर बोलणाऱ्या आमच्या घरात गाडी कुणालाच चालवता येत नव्हती. म्हणून एक ड्रायव्हर ठेवला. तो पहिल्या दिवशी जीप सुसाट घेऊन आला आणि मामंजींनी ओसरीवरूनच हात वर केला. "हळू! पोरं हायेत गल्लीत." त्या दिवसापासून तालुक्यातली सगळ्यात जास्त घोड्यांची जीप बैलगाडीच्या मागून चालायला लागली.

तरी काही दिवस मजेत गेले. मामंजी आणि भासरे जीपमधून बाजारात जायचे. बाजार घरापासून हाकेच्या अंतरावर होता, पण ते गावाला वळसा घालून जायचे. आम्हा बायकांना तिच्यात बसायची पाळी काही आली नाही. आणि मग पेट्रोलचे भाव भडकले. कुठल्या तरी दूरच्या देशात काहीतरी झालं होतं म्हणे. हेडमास्तरांनी ते आम्हाला नकाशावर दाखवलं. मामंजींना नकाशात रस नव्हता. त्यांना पंपावरचा आकडा दिसत होता.

जीप विकावी तर व्याही हसणार. म्हणून मामंजींनी तोड काढली. उतार आला की इंजिन बंद. उतार संपला की सुरू. पुन्हा उतार, पुन्हा बंद. ड्रायव्हर बिचारा किल्ली फिरवून फिरवून कंटाळला. "बाबाजी, बॅटरी मरन अशानं," तो म्हणायचा. मामंजी म्हणायचे, "बॅटरीले काय खायाले लागते?"

उन्हाळ्याच्या तोंडाशी शिरपूरला देवदर्शनाला जायचं ठरलं. बायकांना घेऊन, जीपमधून, पहिल्यांदाच. दुपारून निघायचं, दिवस असतानाच जेवायचं, रात्री धर्मशाळेत राहून सकाळी पूजा करायची. पुऱ्या, कोरडी भाजी आणि लाडू यांचा मोठा डबा आम्ही भरून घेतला. पुढे मामंजी आणि भासरे, मागच्या बाकड्यांवर सासूबाई, आम्ही दोघी जावा, जावेची मुलं आणि माझा नवरा. माझा नवरा या सगळ्या प्रकरणात काय म्हणत होता, असं कुणी विचारेल. तो दोघांनाही हो म्हणत होता. धाकट्या मुलाला दुसरं काय करता येतं!

मागच्या कापडी पडद्यातून धूळ आत यायची. गाव सोडून फार लांब गेलो नव्हतो तोच आमच्या पापण्या पांढऱ्या झाल्या. वाटेत एका नाल्याचा उतार लागला आणि मामंजींनी सवयीनं हात हलवला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. जीप आवाज न करता खाली गेली, नाल्याच्या पुलावर गेली आणि तिथे थांबली. समोर चढ होता. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली. काहीच झालं नाही.

मग हँडल काढलं. ते पुढून घालून फिरवायचं असतं. ड्रायव्हरनं फिरवलं, माझ्या नवऱ्यानं फिरवलं, मग भासरे पुढे झाले. हँडल उलटं फिरलं आणि त्यांच्या मनगटावर बसलं. ते "डिझलची असती तं" एवढंच म्हणाले आणि खाली बसले. मामंजी रस्त्यावर उभे राहून बॉनेटकडे असे बघत होते जणू त्यातून एक-एक घोडा बाहेर काढून जाब विचारणार आहेत.

ऊन उतरायला लागलं. तेवढ्यात मागून शिरपूरवरून मालेगावला जाणारी एस.टी. येताना दिसली. सासूबाई उठल्या, मागच्या फळीवरून खाली उतरल्या आणि रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभ्या राहिल्या. बस थांबली. कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं.

"मावशी, घरची जीप सोडून येष्टीत?"

"जीप बसून हाय बाप्पा. तुही चालून राह्यली ना? मंग घे आमाले."

बसमधले लोक खिडक्यांतून वाकून बघायला लागले. मामंजी धावत आले. "अवं, काहून तमाशा करून राह्यली? आत्ता सुरू होते थे."

"मंग या तुमी मांगून," सासूबाई पायरीवर चढत म्हणाल्या. "दमले असतीन घोडे. पानी पाजा त्यायले."

आम्ही दोघी जावा मुलांना घेऊन चढलो. जाऊ डबा विसरली नाही. तो तिनं कडेवरच्या मुलासारखा छातीशी धरला होता. बस सुटली, तेव्हा मागच्या काचेतून चार पुरुष जीपला खांदा लावताना दिसले. जावेनं तोंडात पदर कोंबला होता. तिचे खांदे हलत होते. तिचे वडील जीप घेऊन जेवायला आले त्या दिवसानंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

शिरपूरला आम्ही वेळेत पोचलो. हातपाय धुतले, दर्शन घेतलं. धर्मशाळेच्या ओट्यावर निवांत बसून, ऊन असताना, पुऱ्या आणि लाडू खाल्ले. सासूबाईंनी पुरुषांसाठी अर्ध्याहून जास्त बाजूला काढून ठेवलं आणि डबा झाकला. सूर्य बुडाला. त्यानंतर बऱ्याच वेळानं, दिवाबत्ती झाल्यावर, जीपचा आवाज आला.

चौघं उतरले. कपाळापासून पायापर्यंत माती. मामंजींची नजर सरळ डब्यावर गेली आणि मग आभाळावर. आभाळात चांदण्या होत्या. जन्मभर त्यांनी रात्री घास घेतला नव्हता, आणि इथे तर देवाच्या दारात होतो. ते पायरीवर बसले.

"काय केलं व्हतं?" त्यांनी डब्याकडे न बघता विचारलं.

"पुऱ्या. अन् बेसनाचे लाडू," सासूबाई म्हणाल्या. "झाकून ठेवले हायेत. सकाळी खाजा."

त्यांच्या आवाजात एवढी माया होती की मामंजींना रागावताही येईना. ड्रायव्हर मात्र आमच्या धर्माचा नव्हता. तो पलीकडच्या हॉटेलात जाऊन भजी खाऊन आला, आणि त्याच्या हाताचा वास रात्रभर ओट्यावर दरवळत राहिला. जीप कशी सुरू झाली ते मला नवऱ्यानं हळूच सांगितलं. एका शेतकऱ्याचे बैल जुंपून ती चढावर ओढली आणि मग उतारावर सोडली. हे घरात कुणी बोलायचं नाही, अशी मामंजींची सक्त ताकीद होती.

पुढे अकोल्याला पेट्रोलचं इंजिन काढून त्या जागी डिझेलचं बसवून देणारे लोक निघाले. जीप तिकडे गेली आणि थरथरत परत आली. भासरे आठवडाभर मान वर करून फिरले. मामंजींनी मात्र ओसरीवर सगळ्यांना सांगितलं की ही कल्पना मुळात त्यांचीच, आणि या इंजिनात व्याह्यांच्या इंजिनापेक्षा दोन घोडे जास्त आहेत. कापसाच्या दलालांनी लगेच मान डोलावली. चहा आला होता.

आम्ही बायका तोवर दुसऱ्याच वाटेला लागलो होतो. सासूबाईंचे डोळे किती तरी दिवसांपासून अधू झाले होते. वाशीमला नेऊन दाखवू, असं पुरुष दर सणाला म्हणायचे. एका सकाळी त्यांनी आम्हा दोघींना हाक मारली, पिशवी घेतली आणि स्टँडचा रस्ता धरला. वाशीमला डोळे तपासले, चष्मा केला, बांगड्या भरल्या, रसवंतीत बसून उसाचा रस प्यालो. परतीच्या बसमध्ये सासूबाईंनी खिडकी पकडली. चष्म्याच्या काड्या दोन्ही हातांनी धरून त्या बाहेर बघत होत्या, आणि रस्त्यावरच्या गावांच्या पाट्या, अक्षराला अक्षर लावत, सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात वाचत होत्या. रिठदच्या पाटीपाशी कंडक्टर म्हणाला, "मावशी, माहं काम तुमीच करून राह्यल्या." त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. पुढची पाटी येत होती.