आधी चावी, मग चाप

आर्डिस हॉगनने नॉर्थ डकोटातल्या एका गावात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. पारा शून्याखाली तीस असताना इंजिन सुरू करायचं आणि आपली पाठ वळलेली असताना पन्नास पोरांना जागेवर बसवून ठेवायचं, या दोन गोष्टी तिला उत्तम येत होत्या. आयुष्यात याहून फार काही लागत नाही, असं तिचं मत होतं. निवृत्त झाली त्या वर्षी तिने आणि तिच्या नवऱ्याने, ऑर्विलने, एक जुनी घरगाडी विकत घेतली. पुढे चालकाची खुर्ची, मधे शेगडी आणि मोरी, मागे पलंग. दरवर्षी हिवाळ्यात दक्षिणेला वाळवंटात जायचं आणि बर्फ वितळला की परतायचं, असा बेत होता. बेत ठरला, आणि त्याच ऑक्टोबरात ऑर्विल शेडमध्ये काम करता करता गेला.

"आई, ती गाडी विकून टाकू," मुलगा केंट म्हणाला.

"गाडीला काय धाड भरलीय?"

"गाडीचं नाही म्हणत मी. तू एकटी कशी जाणार?"

"बसमध्येही चालक एकटीच असते रे."

जानेवारीत ती निघाली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, हमरस्त्याच्या कडेच्या विसाव्यावर, ती शेगडीवर सूप ढवळत होती. कुणीतरी बाहेरून दाराची मूठ फिरवली. कडी लावलेली होती म्हणून दार उघडलं नाही. एक माणूस पायरीवर उभा राहून खिडकीतून हसला. "आजी, उघडा की. पाणी हवंय थोडं." दुसरा गाडीभोवती फिरून आत आणखी कुणी आहे का ते बघत होता. मूठ पुन्हा फिरली, या वेळी जोरात. तेवढ्यात गुरांनी भरलेला ट्रक शेजारी येऊन थांबला, आणि ते दोघे निघून गेले.

आर्डिसने शेगडी बंद केली. भीती तर वाटलीच होती, पण त्याहून जास्त तिला स्वतःचा राग आला. एकतीस वर्षं जिच्या आवाजाने अख्खी बस गप्प व्हायची, तिच्या तोंडून आज एक शब्द फुटला नव्हता.

केंटला फोनवर तिने सगळं सांगितलं. "झालं ना समाधान? आता परत ये," तो म्हणाला.

"आता तर मुळीच नाही."

ॲरिझोनाला पोचल्यावर तिने मारिबेल ओचोआला शोधून काढलं. मारिबेल पूर्वी तुरुंगात पहारेकरी होती, आता बायकांना पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं चालवायला शिकवायची. पहिल्या दिवशी तिने हत्याराला हातही लावू दिला नाही. आर्डिसला पलंगावर आडवं व्हायला सांगितलं आणि हातात घड्याळ घेऊन दाराशी उभी राहिली.

"ऊठ, खुर्चीत बस, इंजिन सुरू कर, निघ."

"मी गोळी झाडायला शिकायला आलेय."

"तुझ्या घराला चाकं आहेत, बाई. ज्याच्या घराला चाकं नाहीत त्याने आधी बंदूक शोधावी. तू आधी चावी शोध. निघून जाता येत असेल तर निघून जायचं. ज्या दिवशी जाताच येणार नाही, त्या दिवसासाठी चाप."

पहिल्या खेपेला बावीस सेकंद लागली. दोन आठवड्यांनी नऊ. मग मारिबेलने पाच गोळ्यांचं एक छोटं रिव्हॉल्व्हर तिच्या हातात दिलं. आर्डिस सहा आठवडे, मंगळवार-शुक्रवार, उन्हात उभी राहून शिकली. अंगठ्याची कातडी सोलवटली, तिथे चिकटपट्टी लावून पुन्हा उभी राहिली. परवाना काढला.

परवाना काढला म्हणजे झालं, असंही नव्हतं. राज्याची हद्द ओलांडली की कायदा बदलतो. एकीकडे भरलेलं रिव्हॉल्व्हर कमरेला चालतं, दुसरीकडे तेच भरलेलं सापडलं तर आपणच गुन्हेगार. आर्डिसने एक वही केली, राज्याला एक पान. कॅलिफोर्नियाकडे जायचं असलं की ती हद्दीच्या अलीकडे गाडी बाजूला घ्यायची, गोळ्या काढायची, रिव्हॉल्व्हर एका पेटीत आणि गोळ्या दुसऱ्या पेटीत कुलूपबंद करायची. ओळखीतले लोक हसायचे. "कोण बघतंय एवढं?"

"मी बघतेय," ती म्हणायची. एकदा हद्दीवरच्या चौकीतल्या माणसाने तिला फक्त फळं आहेत का एवढंच विचारलं, आणि बाहेरची फळं राज्यात आणायला बंदी म्हणून तिची संत्री काढून घेतली.

दुसऱ्या हिवाळ्यात कोलोरॅडो नदीजवळच्या माळावर तिला नेटी क्रम भेटली. केंटकीची, एकोणऐंशी वर्षांची, छोट्या ट्रेलरमध्ये एकटी राहणारी. तिची फुप्फुसं थकलेली होती. नाकाला नळी, नळी ऑक्सिजनच्या यंत्राला, आणि यंत्र बाहेरच्या जनरेटरवर. दम मात्र फक्त चालताना लागायचा, बोलताना नाही.

"रोज पुसतेस ते लोखंड," ती आर्डिसला म्हणायची. "नवऱ्याला एवढं कधी पुसलं होतंस का गं?"

"तो कुठे स्वस्थ बसायचा."

फेब्रुवारीतली सकाळ होती, दहाचा सुमार. आर्डिस भांडी घासत होती. नेटीच्या जनरेटरचा आवाज एकाएकी थांबला. खिडकीतून पाहिलं तर एक जुनी पिकअप ट्रेलरला लागून उभी, आणि एक तरुण माणूस जनरेटर उचलून मागे चढवत होता. नेटी त्याच्या बाहीला धरून ओढत होती. त्याने हात झटकला आणि ती मागच्या मागे वाळूत बसली.

आर्डिसचे पाय आपोआप खुर्चीकडे वळले. चावी फिरली, इंजिन सुरू झालं. आता निघून जायला हवं होतं. मारिबेलने तेच शिकवलं होतं. पण नेटीच्या घरात राखीव सिलिंडर होता तो जेमतेम अर्ध्या तासाचा, आणि जनरेटर गेला तर तो कुणी परत आणून देणार नव्हतं.

तिने हॉर्नवर हात दाबून धरला आणि घरगाडी सरळ नेऊन माळावरून बाहेर पडणाऱ्या एकुलत्या वाटेवर आडवी घातली. एका बाजूला ओढ्याचा कडा, दुसऱ्या बाजूला खडक. पिकअपला जागा उरली नाही. मग तिने काच खाली केली आणि रिव्हॉल्व्हर हातात घेतलं.

माणूस टायरचा पान्हा घेऊन तिच्या दिशेने आला. "म्हातारे, बाजूला घे गाडी. नाहीतर काचेसकट तुला फोडतो."

"तिथेच थांब."

तो आणखी चार पावलं आला. तिने दोन्ही हातांनी नेम धरला. "थांब म्हटलं ना," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला. मागच्या बाकावरच्या दांडगटांसाठी राखून ठेवलेला तो आवाज. ना चढलेला, ना घाईतला.

माणूस थांबला. रिव्हॉल्व्हरच्या नळीकडे बघत म्हणाला, "तू नाही झाडायचीस, आजी."

"पान्हा टाक."

मग पान्हा वाळूत पडला.

"नाव काय तुझं?"

"कोल्बी." का सांगितलं हे त्याचं त्यालाही कळलं नसावं.

"कोल्बी, त्या बाईंना श्वासाला ते यंत्र लागतं. जनरेटर उतरव आणि होता तिथे ठेव."

"आणि मग जाऊ देशील?"

"आधी ठेव."

त्याने उतरवला. वायर जोडली. दोरी ओढली, एकदा, दोनदा, तीनदा. इंजिन नुसतं खोकलं.

"चोक ओढ," वाळूत बसल्या बसल्या नेटी धापा टाकत म्हणाली. "जनरेटर चोरतोस आणि चोक माहीत नाही?"

चौथ्या खेपेला तो सुरू झाला. नेटी दाराच्या कठड्याला धरून उठली आणि आत गेली. आर्डिसने कोल्बीला मोकळ्या जागेत मांडी घालून बसवलं, हात डोक्यावर. पलीकडे मुक्कामाला असलेल्या घरगाड्यांमधल्या कुणीतरी हॉर्न ऐकून फोन केला होता, पण शेरीफचा माणूस पोचायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ तिने नेम सोडला नाही. शेरीफची गाडी दिसताच तिने रिव्हॉल्व्हर पुढच्या काचेपाशी ठेवलं आणि रिकामे हात खिडकीबाहेर काढले.

जबाब घेऊन झाल्यावर त्याने विचारलं, "झाडली असती का तुम्ही?"

"हो. आणखी दोन पावलं टाकली असती तर."

आणि ते खरं होतं. लोक केक घेऊन आले, पाठ थोपटून गेले. एकाला तिचा रिव्हॉल्व्हरसह फोटो हवा होता. तिने दार लावून घेतलं, ओकली, आणि चार वाजता झोपली ती दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर उठली.

केंटचा फोन आला. "आता तरी पुरे कर, आई."

"मार्चमध्ये युटाला जातेय. नेटी येतेय मागोमाग."

मे महिन्यात कोर्टाने साक्षीला बोलावलं. नेटीला युटात ठेवून ती दोन दिवस गाडी चालवत परत आली. बाहेरच्या बाकावर तिच्याच वयाची एक बाई येऊन बसली, मांडीवर पर्स घट्ट धरून.

"तुम्हीच ना त्या?" बाईने विचारलं. "मी कोल्बीची आई."

"मीच."

"तुम्ही गोळी झाडली नाहीत. त्याचे आभार मानायचे होते."

आर्डिसला खोटं श्रेय घ्यायचं नव्हतं. "थांबला तो तुमचा मुलगा," ती म्हणाली. "मी थांबणार नव्हते."

बाईने मान हलवली आणि पर्समधून रुमाल काढला. मग उठून यंत्रातून दोन कॉफ्या आणल्या. पुकारा होईपर्यंत दोघी शेजारी बसून प्यायल्या.

आत जाऊन आर्डिसने घडलं ते घडलं तसं सांगितलं. पुढे कोल्बीला शिक्षा झाली, ती लांबलचक नव्हती. साक्षीच्याच दिवशी संध्याकाळच्या आत ती पुन्हा उत्तरेच्या रस्त्याला लागली. नेटीचे दोन फोन येऊन गेले होते. पुढचं राज्य कुठलं, आणि तिथे पोहता येईल अशी नदी आहे का, हे तिला विचारायचं होतं.