वळणावरचा पिवळा दिवा

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. बाहेर मात्र निम्मं गाव तिला मॅडम म्हणायचं, कारण त्या निम्म्या गावाला गाडी चालवायला तिनंच शिकवलं होतं. शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखाली जादाचा ब्रेक आणि क्लच घ्यायचा आणि दिवसभर दुसऱ्यांच्या चुका झेलायच्या, हा तिचा धंदा. आवाज खणखणीत. "आधी आरशात बघा, माझ्याकडे नंतर बघा," असं ती बड्या साहेबालाही सुनवायची.

अशा बाईला त्या वर्षी दोघांनी जेरीस आणलं. एक डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा आणि दुसऱ्या तिच्या थोरल्या जाऊबाई.

दिवा होता गाडी घसरू नये म्हणून बसवलेल्या यंत्रणेचा. तो लागला की ती यंत्रणा बंद पडायची, आणि अशा गाडीत नवख्याला बसवायला धाकटीचं मन घेईना. मग धडा अर्धा सोडून ती मामेभावाचं गॅरेज गाठायची. मामेभाऊ हाताचा चांगला, पण घाई करणाऱ्यातला नव्हता.

"स्कॅनर म्हणतोय, स्टिअरिंग किती वळलं ते मोजणारा सेन्सर बिघडलाय," तो सांगायचा. "पण मी वळवून बघतो तेव्हा आकडे चोख येतात. चांगला भाग उपटून नवा कशाला बसवू?"

त्यानं बॅटरीची वायर घट्ट केली. चाकांचं अलाइनमेंट केलं. स्टिअरिंगखालची जोडणी उघडून साफ केली. दर वेळी स्वतः गाडी फिरवून आणायचा आणि किल्ली टेबलावर ठेवायचा. "बघ, नाही लागत. तुझे शिकाऊच काहीतरी करतात."

"शिकाऊ गाडीच चालवतात, दादा. अजून काय करणार?" धाकटी म्हणायची, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत दिवा पुन्हा हजर. मामेभावापुढे हात टेकायची वेळ आली होती. दुसरीकडे गाडी न्यावी तर मामी वर्षभर तोंड फुगवून बसणार.

जाऊबाईंचं दुखणं निराळंच. केस पांढरे झाल्यावर त्यांनी गाडी शिकायचं मनावर घेतलं. धाकटी दिवसभर बाहेर असताना तिची पोरं त्यांनीच वाढवली होती, मग त्यांच्यावर आवाज चढवायचा कसा? झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तसं त्या स्टिअरिंग वळवायच्या. मागं हॉर्नचा नुसता कल्लोळ, आणि धाकटी दातओठ खात म्हणायची, "छान चाललंय."

एका सकाळी त्यांच्याच हाती गाडी असताना दिवा लागला. धाकटीनं गाडी कडेला घ्यायला लावली, जागा बदलली आणि तडक गॅरेजात आणली. मामेभावानं दिवा घालवला, सवयीप्रमाणे चक्कर मारून आला आणि म्हणाला, "काही नाही गं."

धाकटीच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. "मग मी काय खोटं बोलते?"

बाकावर बसून कंटाळलेल्या जाऊबाई उठल्या. "तुमचं चालू द्या. मी तोवर ही आवारात वळवून ठेवते."

नाही म्हणायची सोय नव्हती. धाकटी शेजारी बसली. फाटकापाशी जाऊबाईंनी स्टिअरिंग हळूहळू उजवीकडे न्यायला सुरुवात केली, आणि अर्ध्यावर दिवा लागला.

मामेभाऊ स्कॅनर घेऊन धावत आला. "वहिनी, सरळ करा. आता परत तसंच. अगदी तुमच्यासारखं."

आकडा चढत गेला, एका जागी गायब झाला आणि थोड्या वेळानं परत उगवला. पुन्हा वळवलं, पुन्हा तिथंच. मग मामेभावानं खिडकीतून हात घालून नेहमीसारखं झपकन फिरवलं, तर आकडा सरळ निघून गेला.

"सेन्सरच्या आतली एवढीशी जागा झिजलीय," तो ओशाळून म्हणाला. "मी भर्रकन तिच्यावरून जातो, म्हणून मला दिसत नव्हती. नवखे तिथंच रेंगाळतात."

"हेच मी कधीची सांगतेय," धाकटी म्हणाली.

नवा सेन्सर यायला, स्टिअरिंग उतरवून तो बसवायला आणि सरळ चाक म्हणजे शून्य हे त्याला शिकवायला आठवडा गेला. तेवढे धडे बुडाले, आणि घरी जेवताना रोज जाऊबाईंकडून त्यांनी बिघाड कसा पकडला ते ऐकावं लागलं.

गाडी आणायला दोघी गेल्या. परतताना जाऊबाई चालवत होत्या. चौकात त्यांनी वळण घ्यायला सुरुवात केली आणि मागं हॉर्न सुरू झाले. दिवा लागला नाही, पण धाकटीचा धीर सुटला.

"जाऊबाई, भरभर वळवा. संध्याकाळ होईल अशानं."

जाऊबाईंनी झरकन स्टिअरिंग फिरवलं. गाडी सुरेख वळून रस्त्याला लागली.

"अगं, मग आधी बोलायचंस ना," त्या पुढं बघत म्हणाल्या. "तू रोज छान छान म्हणतेस, मला वाटलं असंच वळवतात."