तुटक्या धक्क्यावरचा चहा

लष्करानं धक्का तोडला तेव्हा डोरकस पिलबीमला कुणी विचारलं नाही. चाळीस सालच्या उन्हाळ्यात जर्मन इंग्लंडच्या या किनाऱ्यावर उतरतील या भीतीनं धक्क्याचा मधला भाग उडवून दिला आणि तिची चहाची टपरी समुद्राकडच्या टोकाला एकटी पडली. ते तिनं सोसलं. लढाई होती, इलाज नव्हता.

पण लढाई संपली, किनाऱ्यावरच्या काटेरी तारा निघाल्या, तरी भगदाड तसंच. उलट नगरपालिकेनं ठरवलं, पलीकडे कुणी जात नाही, तेव्हा तो तुकडा भंगारात काढायचा. त्या धक्क्याचे लोखंडी खांब व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात डोरकसच्या आजोबांनी रोवले होते. बाईचं डोकंच फिरलं.

"जेब, होडी काढ," ती दिराला म्हणाली.

"वहिनी, साठी उलटली तुमची. ती गंजकी शिडी चढणार?"

"तू वल्ही मार. चढायचं माझं मी बघते."

आणि ती चढली, रोज. वर जाऊन स्टोव्ह पेटवायचा, चहा झाला की लाल टेबलक्लॉथ काठीवर फडकवायचा. तो दिसला की गळ टाकणारे म्हातारे आपापल्या होड्या वल्हवत यायचे. साखर रेशनवर, ती ज्याची त्यानं आणायची. किनाऱ्यावर लोक हसत. हसतील त्यांचे दात दिसतील!

मग बंदची नोटीस लावायला नगरपालिकेचे ओकेनडनसाहेब आले. येणार कशातून? जेबच्याच होडीतून. वर पोचले तेव्हा साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. डोरकसनं त्यांना बाकावर बसवून गरम चहा दिला. दोन कप रिचवल्यावर त्यांनी नोटीस काढली.

"काय करणार बाई, इथे कुणी येतच नाही."

बाकांवरचे म्हातारे खो खो हसले.

"लावा की," डोरकस म्हणाली. "पण आधी गिऱ्हाइकं मोजा. स्वतःला धरून."

साहेबांनी नोटीस घडी करून खिशात घातली.

पुढच्या वर्षी भगदाडावर फळ्यांचा पूल झाला. गळ्यात सोन्याची साखळी घालून महापौर किनाऱ्याच्या बाजूनं फीत कापायला आले. बँड सुरू झाला. तेवढ्यात समुद्राकडून फळ्या दणाणवत डोरकस आली, हातात किटली. ती सकाळीच होडीनं टपरीवर गेली होती. कुणी अडवायच्या आत फीत तिच्या पोटाला लागून तुटली.

"अहो बाई, उद्घाटन व्हायचंय अजून!" महापौर ओरडले.

"कशाचं?" तिनं कप भरून त्यांच्या हातात दिला. "बंद होता तो तुमचा रस्ता. माझा चहा केव्हाचा चालू आहे."