ओतिलिया उतार शिकते

ओतिलिया चापारोला चढाची भीती कधीच वाटली नाही. तळ्याकाठच्या शेडमध्ये दिवसभर पातीचा कांदा सोलायचा, संध्याकाळी हिरवी झालेली बोटं धुवायची आणि सायकल मारत वरच्या माळावरचं घर गाठायचं, हे ती लहानपणापासून करत आली होती. भीती होती ती उताराची. सकाळी कामावर जाताना ती जीव मुठीत धरून, ब्रेक करकचून दाबत उतरायची. मारियामातेच्या देवळीपाशी रस्ता एकदम आत वळतो, तिथे तर ती चक्क खाली उतरून सायकल हातात धरायची.

त्याच वळणावर तिचा थोरला भाऊ एफ्राईन पडला होता. त्या काळी सायकलच्या शर्यतींत सगळ्या बोयाका प्रांतात त्याचं नाव होतं. शर्यत असली की गावातली दुकानं बंद व्हायची. एकदा ओल्या रस्त्यावर त्याचं चाक सरकलं आणि खुबा मोडला. त्यानंतर तो पाय ओढत चालायचा, लोकांच्या सायकली दुरुस्त करायचा, पण स्वतः पुन्हा कधी सायकलवर बसला नाही.

हे सगळं ठाऊक असूनही शेडमधल्या यामिलेनं जत्रेच्या सायकल-शर्यतीत ओतिलियाचं नाव देऊन टाकलं. पहिल्यांदाच बायकांची शर्यत होणार होती. तळ्याला वळसा घालून पलीकडून माळावर चढायचं आणि देवळीच्या रस्त्यानं खाली चौकात यायचं.

"देवळीच्या रस्त्यानं?" ओतिलियाच्या हातातली सुरी थांबली. "यामिले, काढ माझं नाव. आत्ताच्या आत्ता जाऊन काढ."

"पाद्रीबाबांनी रविवारी सगळ्यांसमोर वाचून दाखवलंय. आता काढलंस तर चर्चमध्ये कुठल्या तोंडानं येशील?"

"तुझ्या तोंडानं! आधी तुझं थोबाड फोडते."

सगळ्या बायका हसल्या. ओतिलियाही हसली, पण नाव काढता येईल का, हे तिनं संध्याकाळपर्यंत आणखी दोनदा विचारलं.

एफ्राईननं बातमी ऐकली आणि स्वतःची जुनी शर्यतीची सायकल छतावरून खाली काढली. तिला तेलपाणी केलं, बैठक ओतिलियाच्या मापानं खाली घेतली. दुसऱ्या दिवसापासून तो दूधवाल्याच्या गाडीत मागे बसून तिला शिकवायला लागला. चढावर त्याला बोलायला जागाच नसायची. उतार लागला की मात्र तो ओरडायचा, "वळणाच्या आधी ब्रेक! वळणात नाही! हात खाली घे, खाली! रस्ता जिकडे जातोय तिकडे बघ, दरीत काय बघतेस, तिथे तुझा नवरा बसलाय का?"

तिला सगळं कळत होतं. पण देवळी दिसली की हात लाकडासारखे व्हायचे, दातखीळ बसायची, आणि सायकल आपोआप थांबायची. एकदा तर ती रस्त्याच्या कडेला बसून रडायलाच लागली.

"तुला काय जातंय ओरडायला?" ती म्हणाली. "तू गाडीत बसून सांगतोस."

एफ्राईननं दूधवाल्याला गाडी घराकडे वळवायला सांगितली.

पुढच्या रविवारी आई प्रार्थनेला गेल्यावर त्यानं आईची टोपलीवाली जड सायकल बाहेर काढली. आखडलेला पाय कसाबसा पलीकडे टाकला. "माझ्या मागे ये," तो म्हणाला. "बाकी कुठेही बघू नको. फक्त माझं मागचं चाक."

माळाच्या टोकावर दोघं थांबले. एफ्राईन अचानक सायकलवरून उतरला, गवतात वाकला आणि सकाळी खाल्लेला मक्याचा आरेपा उलटून टाकला. बाहीनं तोंड पुसत परत आला. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"मला वाटलं, तुझी भीती गेली असेल इतक्या वर्षांत," ओतिलिया म्हणाली.

"जाते कुठली? बसनं जातानाही त्या वळणावर मी डोळे मिटतो. चल, नाहीतर मी परत फिरेन."

आणि ते उतरले. टोपली खडखडत होती, एफ्राईनच्या अंगावरची लोकरीची रुआना वाऱ्यानं फुगली होती, आणि ओतिलियाची नजर त्या जाड चाकावर खिळली होती. देवळी आली कधी आणि गेली कधी, तिला कळलंच नाही. खाली पोहोचल्यावर एफ्राईनला सायकलवरून उतरवायला तिला त्याच्या काखेत हात घालावा लागला.

शर्यतीच्या सकाळी आईनं गुळाचं गरम पाणी आणि चीज पुढे ठेवलं. शर्यतीबद्दल तिनं इतके दिवस चकार शब्द काढला नव्हता. आता ती ओतिलियाच्या कपाळावर क्रूस काढत म्हणाली, "त्या दिवशी त्यालाही मी हेच वाढलं होतं." मग पाठ फिरवून चुलीकडे गेली. ओतिलियानं कप तसाच खाली ठेवला.

चौकात कोपराला कोपर घासत बायका उभ्या होत्या. दुइतामा शहरातून आलेल्या पोरींचे कपडे एकसारखे होते आणि त्या खिदळत होत्या. तळ्याच्या वळशात ती सगळ्यांच्या मागे राहिली. इतकी चाकं जवळ पाहून तिला श्वास घ्यायला सुचेना. चढ लागला तसं मात्र पायांना आपलं काम सापडलं. एकेक करत तिनं बायका मागे टाकल्या. माळावर पोहोचली तेव्हा तिच्या पुढे तिघीच होत्या.

आणि माळावर धुकं होतं. रस्ता ओला.

पुढे पिवळ्या कपड्यांतली दुइतामाची एक पोरगी होती. ओतिलिया तिच्या मागच्या चाकाला चिकटून राहिली. हात खाली, नजर चाकावर. वारा कानात घोंगावत होता, डोळ्यांतलं पाणी गालांवर आडवं पसरत होतं. देवळीची मेणबत्ती धुक्यात दिसली. ओतिलियानं वळणाआधी ब्रेक दाबला. पिवळ्या पोरीनं दाबला नाही. तिचं चाक सरकलं, पत्रा आपटल्यासारखा आवाज झाला आणि ती रस्त्यावरून घसरत कठड्याकडे गेली.

ओतिलिया तिच्या अगदी पायाजवळून निघून गेली. थांबली नाही. मागे वळून पाहिलंही नाही. नजर आपोआप रस्ता जिकडे जात होता तिकडे गेली होती, आणि पुढचा सगळा उतार ती स्वतःलाच घाबरत उतरली. ती पोरगी मेली असेल, आणि मी थांबले नाही.

चौकात ती तिसरी आली. यामिले किंचाळत गळ्यात पडली, बँडवाले वाजवत होते. एफ्राईन गर्दीतून पाय ओढत येत होता. "वळणावर कोण पडलं?" त्यानं विचारलं. त्याच्या हातात सायकल देऊन ती दवाखान्याकडे पळत सुटली.

शर्यतीच्या मागून येणाऱ्या गाडीनं आणलेली ती पोरगी बाकावर बसली होती. हात गळ्यात बांधलेला, हनुवटी खरचटलेली, दुसऱ्या हातात पेरूची वडी.

"तू माझ्या मागे होतीस ना?" तिनं विचारलं. "कितवी आलीस?"

"मी थांबले नाही," ओतिलिया म्हणाली. "तुला बघून पण थांबले नाही."

"थांबली असतीस तर मागच्या सगळ्या माझ्या डोक्यावरून गेल्या असत्या, वेडे! कितवी आलीस ते सांग की."

"तिसरी."

"अरे देवा, म्हणजे माझी जागा!" पोरगी हसली आणि हात दुखला म्हणून लगेच कळवळली. तिनं वडीचा अर्धा तुकडा ओतिलियासमोर धरला. ओतिलिया तिच्या शेजारी बसली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. तिनं तुकडा घेतला आणि एका घासातच संपवला.