शीबाईंचा चुंबक

आमच्या विज्ञानाच्या बाईंना जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस यायची. ओल्या फडक्याने पुसलेला फळा, दुसऱ्याचा कंगवा, एसटीच्या खिडकीचे गज, डब्याच्या झाकणाला लागलेलं लोणचं... यातलं काहीही दिसलं की नाक वर जायचं आणि "शी!" बाहेर पडायचं. पेणच्या आमच्या शाळेत त्या शीबाई होत्या. खरं नाव हेडमास्तरांनाही आठवून घ्यावं लागे. रोह्याजवळच्या अष्टमीहून रोज यायच्या आणि आल्या आल्या आधी हात धुवायच्या.

चुंबकाचा धडा चालू असताना आमच्या वर्गातल्या नितीनने उघडा चुंबक लोखंडाच्या किसात बुडवला. दोन्ही टोकांना काळी दाढी उगवली. बाईंच्या अंगावर काटा आला. "शी! आता ती दाढी कोण उपटत बसणार? चुंबकाला आधी कपडे घालायचे!" असं म्हणत त्यांनी दुसरा चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि किसावरून फिरवला. पिशवीबाहेरून कीस चिकटला. चुंबक आतून काढून घेतल्याबरोबर सगळा कीस कागदावर गळून पडला. चुंबकाची ओढ प्लास्टिकमधूनही जाते आणि टोकांना ती जास्त असते, हे आम्ही त्या दिवशी बाईंच्या किळसेमुळे शिकलो.

त्यांना सर्वांत जास्त किळस यायची ती पाठ केलेल्या उत्तराची. "चुंबकाचे दोन तुकडे केले तर?" असं विचारलं की गाईडवाली मुलं घडाघडा बोलायची. बाई म्हणायच्या, "शी! उष्टं उत्तर नको. स्वतः करून बघितलंस का?" नितीन मात्र करून बघायचा. घरून तुटका चुंबक आणून त्याने दाखवलं होतं, की प्रत्येक तुकड्याला पुन्हा उत्तर आणि दक्षिण अशी दोन टोकं असतात. एरवी कुणाला हात न लावणाऱ्या बाईंनी त्याची पाठ थोपटली होती. हे मुद्दाम सांगतेय. त्याला सगळं येत होतं.

मी पेणजवळच्या जोह्याची. आमच्याकडे गणपतीचा कारखाना, आणि आई आखणी करते, म्हणजे मूर्तींचे डोळे रंगवते. फुटक्या मूर्तींची माती कुटून पुन्हा भिजवायची तर आतल्या तारांचे तुकडे मळणाऱ्याच्या हातात घुसतात. बाईंची पिशवीची युक्ती मी घरी सांगितली. आई कुटलेल्या मातीवरून पिशवीतला चुंबक फिरवू लागली आणि तारा सटासट बाहेर यायला लागल्या. हात सोलायचे थांबले. "तुज्या बाईला माजा नमस्कार सांग गो," आई म्हणाली.

पुढे नितीन मनगटाला बांधायचे चुंबकाचे पट्टे विकायला लागला. गुळगुळीत दाढी, पांढरा शर्ट, मनगटावर चकचकीत कडं. कारखान्याकारखान्यांतून हिंडून तो सांगायचा, "काकी, रक्तात लोह असतं, चुंबक ते खेचून फिरवतो, मग प्रेशरच्या गोळीची गरजच नाही." त्याचं बोलणं मधाळ होतं. आईला ते पटलं, कारण तिने चुंबकाचं काम रोज डोळ्यांनी बघितलं होतं. "मातीतून तार वडतो, मंग अंगातून दुखणं वडनार नाय?" असं म्हणून तिने पट्टा बांधला आणि आपली रोजची प्रेशरची गोळी बंद केली.

एका सकाळी मूर्तीच्या डोळ्यावर रेघ ओढताना आईच्या उजव्या हातातून कुंचला गळाला. बोटं बधिर झाली होती. पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं की प्रेशर चढलं होतं, या खेपेला थोडक्यात निभावलं, गोळी सोडलीत तर लकव्याने हात जाईल. पण घरी आल्यावर तिने पुन्हा पट्टाच बांधला. "गोलीनं तरी कवा बरं वाटलं? पट्टा नवा हाय, जरा टाइम लागंल." मी रडले, भांडले, आणि शेवटी बाईंना फोन केला.

तोवर बाई निवृत्त झाल्या होत्या, गुडघेदुखीने कुरकुरत होत्या. तरी आल्या. रंगाच्या वासाने नाकाला रुमाल लावून, चिखलातून साडी उचलून धरत आल्या. आईने विचारलं, "रक्तात लोखंड नसतं काय वो बाई?"

"असतं ना. पण तारेसारखं नव्हे." बाईंनी माझ्याकडे टाचणी मागितली. आमच्या वर्गात कुणाचं ढोपर फुटलं तरी तोंड फिरवणाऱ्या बाईंनी ती स्वतःच्या बोटात खुपसली. ताटलीवर रक्ताचा टपोरा थेंब पडला. त्यांनी आईच्या चुंबकाला कपडे घातले आणि तो थेंबाला जवळजवळ टेकवला. थेंब जागचा हलला नाही. मग तोच चुंबक टाचणीजवळ नेला, आणि टाचणीने टुणकन उडी मारली.

"कपाटाचं दार धरतो, फ्रिजला चिकटतो, स्पीकरमध्ये बसून गाणं वाजवतो, होकायंत्रात बसून दिशा दाखवतो. पुरे की! आता त्याने तुमचं प्रेशरपण सांभाळायचं?" बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. "आणि हे त्या मुलाला माहीत आहे. माझ्याकडेच शिकलाय तो. शी!" त्या मोरीत जाऊन ओकल्या. आईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, पट्टा सोडला आणि माझ्याकडे गोळी मागितली.

गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या. शाळेत शोकसभा झाली आणि देणगीदार म्हणून स्टेजवर कोण बसलेलं, तर नितीन. मनगटात तेच कडं. बाईंनी आपल्याला कसं घडवलं, त्यांच्याच विज्ञानातून आपण लोकांची सेवा कशी करतो, हे तो रंगवून सांगत होता. लोक माना डोलवत होते. मला बसवेना.

मी उठायच्या आधी आई उठली. सभेत कधी तोंड न उघडणारी माझी आई पायऱ्या चढून त्याच्यासमोर उभी राहिली. एका हातात पिशवीतला चुंबक, दुसऱ्या हातात पदराची पिन.

"बोट दे बाला," ती म्हणाली. "एकच थेंब. बाईनं दिल्ता."

नितीनने हसायचा प्रयत्न केला. मग त्याचा कड्याचा हात हळूच खिशात गेला.

आईने त्या खिशाकडे बघितलं, पिन परत पदराला लावली आणि अगदी बाईंसारखं नाक वर करून म्हणाली, "शी!"