पंप बंद झाल्यावरचं पाणी

रिटायर झालेला माणूस देवधर्माला लागतो, नाहीतर बायकोच्या फोडणीत लक्ष घालतो. आमच्या ह्यांनी बैठकीत समुद्र आणायचं ठरवलं. तोही भिलाईत, जिथून समुद्र कुठल्याही दिशेला निघालं तरी लवकर येत नाही.

मला मात्र बरं वाटलं होतं. ह्यांची सगळी नोकरी स्टील प्लांटच्या पंप हाऊसमध्ये गेली. सेक्टर १० चं क्वार्टर सोडून आम्ही नेहरू नगरातल्या आमच्या घरात आलो, तेव्हापासून हे शिफ्टच्या वेळेला आंघोळ करून, तयार होऊन खुर्चीत बसायचे. भांडायचेसुद्धा नाहीत. न भांडणाऱ्या नवऱ्याचं काय करायचं, ते मला कळत नव्हतं. मग एकदा मुलीनं मोबाईलवर खाऱ्या पाण्यातले मासे दाखवले आणि हे बोलायला लागले.

वरच्या काचेच्या टाकीत मासे राहणार. खाली कपाटात दुसरी टाकी, तिच्यात समुद्री शेवाळ. वरचं पाणी पाइपातून आपोआप खाली उतरणार, शेवाळ ते साफ करणार, आणि पंप ते परत वर चढवणार. त्या खालच्या टाकीला रेफ्युजियम म्हणतात म्हणे. मी शेवाळघर म्हणायची.

ह्यांनी आधी फरशीवर खडूनं अख्खी पाइपलाइन आखली. "पाय नको देऊ, लाइन आहे ते," म्हणायचे. मी आपली हातात वरणाचं भांडं घेऊन खडूच्या पाइपांवरून उड्या मारत होते. पंपही एक नाही, दोन आणले. प्लांटच्या माणसाला जोडीला स्टँडबाय असल्याशिवाय झोप लागत नाही. "एक बसला तर दुसरा उचलते," मला समजावून सांगितलं. मी मान डोलावली.

ट्रायल सुरू झाली. मीठ कालवलेलं पाणी वरून खाली, खालून वर फिरत होतं. हे खुर्ची ओढून ऐकत बसले होते. रायपूरच्या दुकानात दोन नारिंगी मासे आमच्यासाठी ठेवायला सांगितले होते.

दुपारी लाईट गेली. दोन्ही पंप एकदमच बसले. वर चढलेलं पाणी त्याच पाइपानं उलटं खाली यायला लागलं. खालची टाकी आधीच काठोकाठ होती. कपाटातून पाणी बैठकीत, बैठकीतून देवघराच्या उंबऱ्यापर्यंत आलं.

"लाईट कावून गेली?" हे पाण्यात उभं राहून मलाच विचारत होते.

क्वार्टरला प्लांटचीच लाईट होती, तिथं ती जाणं कधी आमच्या ध्यानीमनीच नसायचं. पंप बिघडेल हे ह्यांना सुचलं होतं. सगळंच थांबेल, हे नव्हतं सुचलं.

पाणी वाळलं तसा फरशीवर मिठाचा पांढरा थर उरला. मी पुसत होते, तेव्हा हे म्हणाले, "दुकानवाल्याले सांगून दे, मासे नाही पाहिजे. मले नाही जमत आता."

त्या 'आता'ची मला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी हे पुन्हा शिफ्टच्या वेळेला तयार होऊन खुर्चीत बसले आणि माझं डोकंच फिरलं.

"चालू असताना काय काय होते ते सगळं पाह्यलं तुमी," मी म्हटलं. "बंद झाल्यावर पाणी कुठं जाईन, ते पाह्यलं का?"

हे म्हणाले, "प्लांटात मी पंप बंद करतच नव्हतो ना. शेवटच्या दिवशीबी चालूच सोपवून आलो."

मला एकदम वाईट वाटलं. मी तसं बोलले नसते तर बरं, असं झालं. मी चहा ठेवला.

संध्याकाळी खडूचा आवाज आला. हे गुडघे टेकून बसले होते. वर जाणाऱ्या पाइपाचं तोंड वरच्या टाकीत खोल बुडालेलं होतं, ते त्यांनी उचलून पाण्याच्या पातळीला आणलं, म्हणजे थोडं पाणी उतरलं की पाइपात हवा शिरेल आणि ओढ तुटेल. खालच्या टाकीतलं पाणी कमी केलं. पाणी चढून जास्तीत जास्त कुठवर यावं, तिथं काचेवर खडूनं खूण केली.

"इतकी जागा रिकामी ठेवा लागते," म्हणाले. "थांबल्यावर येईन ते पाणी इथं मावलं पाहिजे."

पंप पुन्हा सुरू झाले. आता फक्त बटण बंद करून पाहायचं होतं. ह्यांचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

"तू कर," म्हणाले. "माह्या हातानं होत नाही."

मी बटण बंद केलं. पाइपात गुळगुळ झालं. खालचं पाणी चढत चढत खडूच्या खुणेच्या जरा खालपर्यंत पोचलं आणि तिथंच थांबलं. घरात कुठलाच आवाज नव्हता. ह्यांनी माझा हात धरला होता, आणि किती तरी वेळ दोघांपैकी कोणीच पंप चालू करायला उठलं नाही.